मागच्या बाकावर कोण बसणार?



बी.एड.ला असलेली एखादी मुलगी पाचवीच्या वर्गावर पहिला सराव पाठ घ्यायला उभी राहते, तेव्हा तिच्या हातात पाठ टाचण असते. कोणता प्रश्न कधी विचारायचा, फळ्याच्या कोणत्या बाजूला काय लिहायचे, हे तिने आदल्या रात्री मांडून ठेवलेले असते. मागच्या बाकावर तिच्या मार्गदर्शक बाई निरीक्षण वही उघडून बसलेल्या असतात. पाठ संपला की त्या सांगतात, प्रश्न विचारल्यावर तू थांबलीच नाहीस, उत्तर स्वतःच देऊन टाकलेस. तिसऱ्या रांगेकडे तुझी नजर एकदाही गेली नाही. ती मुलगी दुसऱ्या दिवशी पुन्हा उभी राहते. शाळेत शिकवण्यासाठी एवढे सारे आपण आवश्यक मानले आहे. २०१५ पासून बी.एड.चा अभ्यासक्रम दोन वर्षांचा झाला आणि शाळेतल्या प्रत्यक्ष कामाचा काळ त्यात वाढला. आता त्याच गावातल्या महाविद्यालयात जा. एम.ए. किंवा एम.एस्सी. झालेला, सेट उत्तीर्ण झालेला तरुण जुलै महिन्यात एफवायच्या वर्गावर जातो. समोर साठ, ऐंशी, कधी शंभरावर मुले. त्याला याआधी शिकवताना कोणी पाहिलेले नसते आणि पुढेही बहुधा कोणी पाहणार नसते. त्याच्या मागच्या बाकावर एफवायची मुलेच असतात. पाचवीला शिकवणाऱ्याची तयारी करून घ्यायची आणि तेरावीला शिकवणाऱ्याला वर्गात सोडून द्यायचे, ही विसंगती इतकी अंगवळणी पडली आहे की ती आता विसंगती वाटतच नाही. एका शिक्षकाच्या स्मरणार्थ होणाऱ्या या व्याख्यानात मला तिच्याविषयीच बोलायचे आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे : संशोधन करणाऱ्या विद्यार्थ्याला प्राध्यापक होण्याआधी, मानधनासह, मोजके तास, अनुभवी माणसाच्या नजरेखाली शिकवायला मिळाले पाहिजे, आणि जिथे त्याला पुढे नोकरी लागण्याचा संभव आहे, तशा महाविद्यालयात मिळाले पाहिजे.

प्राध्यापक होण्याची वाट आज कशी आहे ते आधी पाहू. राष्ट्रीय पातळीवर नेट, आपल्या राज्यात सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेते ती सेट, आणि पीएच.डी. विद्यापीठातल्या सहायक प्राध्यापकाला २०२१ पासून पीएच.डी. सक्तीची व्हायची होती. ती मुदत पुढे ढकलली गेली आणि जुलै २०२३ मध्ये नेट किंवा सेट हीच किमान पात्रता ठरली, पीएच.डी. ऐच्छिक झाली. या अदलाबदलीवर खूप चर्चा झाली. परंतु दोन्ही वाटांवर शिकवण्याची परीक्षा कुठेच नाही, हा मुद्दा त्या चर्चेत आला नाही. सेटचे दोन पेपर मिळून दीडशे प्रश्न, तीन तास, सगळे पर्यायी. पहिल्या पेपरात दहा घटक असतात आणि अध्यापन हा त्यातला एक. म्हणजे अध्यापनाविषयी चार पर्यायांतून एक निवडता येणे एवढेच आपण तपासतो. पोहण्याविषयी अचूक पर्याय निवडणाऱ्याला आपण गोदावरीच्या पुरात उतरवणार नाही. पीएच.डी.चे तर नावच संशोधनाचे. उत्तम प्रबंध लिहिणारा माणूस एका विषयात चार-पाच वर्षे खोल खोल जात असतो, आणि नोकरी लागल्यावर त्याला त्या विषयाच्या अगदी उंबरठ्यावर, ज्यांनी त्याचे नावही ऐकलेले नाही अशा मुलांबरोबर उभे राहायचे असते. हा परतीचा प्रवास त्याला कोणी शिकवत नाही. मुलाखतीत वर्गासमोर पाठ घ्यायला लावण्याची मुभा नियमांत आहे, पण मुभा म्हणजे रिवाज नव्हे.

हे असेच चालत आले आहे, असे कोणी म्हणेल. तसे ते नाही, आणि याचा पुरावा आपल्याच नाशिक जिल्ह्यात जन्मलेल्या माणसाच्या चरित्रात आहे. महादेव गोविंद रानडे यांचा जन्म १८४२ साली निफाडचा. मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झाले, आणि १८६२ साली त्याच्या पहिल्या पदवीधरांत रानडे होते, रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. हे दोघेही विद्यार्थिदशेत दक्षिणा फेलो होते. पेशवाईत श्रावणात पुण्याला विद्वानांना दक्षिणा वाटली जाई. इंग्रजी अमलात तो खर्च कमी करत करत त्याचा काही भाग शिक्षणाकडे वळवला गेला, त्यातून १८२१ साली पुण्यात संस्कृत पाठशाळा निघाली, आणि पुढे त्याच निधीतून महाविद्यालयांत फेलोशिपा निर्माण झाल्या. या फेलोशिपीचे वैशिष्ट्य असे की फेलो स्वतः पुढचा अभ्यास करी आणि त्याच वेळी खालच्या वर्गांना शिकवी. सकाळी ज्या प्राध्यापकासमोर वही घेऊन बसायचे, त्याच्याच महाविद्यालयात दुपारी खडू घेऊन उभे राहायचे. पुढे डेक्कन कॉलेजात गोपाळ गणेश आगरकरही एम.ए. करताना फेलो होते. एकोणिसाव्या शतकातल्या महाराष्ट्राच्या विद्वत्तेचा आपण अभिमान बाळगतो, पण ती विद्वत्ता कोणत्या व्यवस्थेत वाढली याकडे फारसे पाहत नाही. शिकणे आणि शिकवणे यांच्यात तिथे भिंत नव्हती.

भांडारकरांचे उदाहरण जरा थांबून पाहण्यासारखे आहे. फेलोशिपीनंतर ते थेट मोठ्या पदावर गेले नाहीत. सिंधमधल्या हैदराबादला आणि मग रत्नागिरीला हायस्कुलाचे मुख्याध्यापक झाले, आणि त्यानंतर एल्फिन्स्टन व डेक्कन कॉलेजात संस्कृतचे प्राध्यापक. त्याच काळात त्यांनी संस्कृत शिकू लागणाऱ्यांसाठी दोन पाठ्यपुस्तके लिहिली. त्यातले पहिले ‘मार्गोपदेशिका’ म्हणून पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थ्यांच्या हातात राहिले. कोणते रूप आधी द्यायचे, कोणते मागाहून, संधी कुठे आणायचा, शब्दांची भर किती घालायची, हे निर्णय व्याकरण येणाऱ्याला आपोआप सुचत नाहीत. मुले कुठे अडखळतात ते ज्याने पाहिले आहे, त्यालाच ते सुचतात. भांडारकरांची संशोधक म्हणून ख्याती युरोपात पोहोचली, आणि ‘मार्गोपदेशिका’ लिहिणारा हात तोच होता. पुढे १८८४ मध्ये स्थापन झालेल्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या आजीव सदस्यांची वाट अशीच होती. गोपाळ कृष्ण गोखले आधी न्यू इंग्लिश स्कुलात शिकवत होते आणि मग फर्ग्युसनमध्ये गणित, इंग्रजी, इतिहास, अर्थशास्त्र असे गरजेनुसार विषय शिकवत गेले. त्यांच्या नावाने १९१८ साली गोखले एज्युकेशन सोसायटी उभी राहिली आणि तिने १९२४ साली नाशिकला महाविद्यालय आणले, जे आज एचपीटी म्हणून आपण ओळखतो. म्हणजे या शहरातल्या उच्च शिक्षणाची मुळेही त्याच परंपरेत आहेत.

यावर एक रास्त आक्षेप आहे. दक्षिणा हा ब्राह्मणांना वाटला जाणारा पैसा होता. त्या निधीतून वर आलेल्यांचे कौतुक आज कशासाठी? हा आक्षेप त्या काळातही होता. १८४९च्या सुमारास सुधारकांनी या पैशाचा काही भाग मराठीत उपयुक्त ग्रंथ लिहिणाऱ्यांना मिळावा अशी मागणी केली, सनातन्यांनी त्याला कडाडून विरोध केला, आणि जोतीराव फुले सुधारकांच्या पाठीशी उभे राहिले. फेलोशिपीची दारे मूठभरांनाच उघडी होती, हे मान्यच करायला हवे. परंतु त्यातून निष्कर्ष काय निघतो? जी तयारी मूठभरांना मिळाली ती सर्वांना मिळावी, हा. बार्टी, सारथी, महाज्योती या संस्था आज जे संशोधक विद्यार्थी पुढे आणत आहेत, त्यांच्यातल्या अनेकांच्या घरात प्राध्यापक सोडाच, पदवीधरही आधी कोणी नसतो. ज्याचे वडील, काका प्राध्यापक आहेत, त्याला या व्यवसायाच्या चालीरीती जेवणाच्या ताटावर कळतात. तास कसा बांधायचा, उत्तरपत्रिका कशी तपासायची, विभागाच्या बैठकीत केव्हा बोलायचे, हे सारे. बाकीच्यांना हे कोणीतरी मुद्दाम शिकवायला हवे. तयारीची व्यवस्था नसणे हे तटस्थ नसते. ज्यांना घरून मिळते त्यांच्या बाजूने ते झुकलेले असते.

दुसरा आक्षेप जुना आणि प्रतिष्ठित आहे. विषय पक्का असला की शिकवता येते. चांगला शिक्षक घडवून घडत नाही. यातला पहिला अर्धा भाग अर्धाच खरा आहे. विषय कच्चा असेल तर कोणतीही पद्धत वाचवणार नाही. पण विषय येणे आणि तो विषय समोरच्याच्या डोक्यात कुठे अडणार हे येणे, ही दोन ज्ञाने आहेत. अमेरिकेतले शिक्षणतज्ज्ञ ली शुलमन यांनी १९८६ साली या दुसऱ्या ज्ञानाला वेगळे नाव दिले आणि ते प्रत्येक विषयाचे स्वतंत्र असते असे मांडले. निफाड किंवा चांदवडच्या एफवाय अर्थशास्त्राच्या वर्गाची कल्पना करा. धडा आहे संधी खर्चाचा. नवा प्राध्यापक व्याख्या सांगतो, मुले उतरवून घेतात, परीक्षेत लिहितात, गुण मिळतात. आता हाच धडा कांद्यावर घेऊ. उन्हाळ कांदा एप्रिल-मे महिन्यात निघाला. लासलगावला आज नेला तर एक भाव, चाळीत भरून दिवाळीच्या तोंडाशी नेला तर कदाचित दुसरा. चाळीत ठेवण्याचा खर्च किती, असा प्रश्न टाकला की वर्गातून हमखास येणारे उत्तर म्हणजे, काहीच नाही, चाळ तर आपलीच आहे. कोणी म्हणेल, घट येते, सड लागते, तेवढा खर्च धरा. इथे तास खरा सुरू होतो. मे महिन्यात हातात आले असते त्या पैशातून सोसायटीचे कर्ज फिटले असते का, त्यावरचे व्याज थांबले असते का, खरिपाचे बियाणे रोखीने घेता आले असते का? चाळ आपलीच आहे, म्हणून तिचा खर्च शून्य, ही समजूत चुकीची आहे, पण मूर्खपणाची नाही. घरात रोज ऐकलेल्या हिशेबातून ती येते. तिला पुस्तकी व्याख्या हात लावत नाही. ही समजूत येणार हे आधी ओळखणे, ती वर्गात बाहेर येईल असा प्रश्न रचणे आणि ती आल्यावर त्या मुलाला मान खाली घालायला न लावता तिच्यावरून पुढे जाणे, हे कसब आहे. एम.ए.च्या गुणपत्रिकेत ते कुठे दिसत नाही. आणि ते शिकता येते.

शिकता येते याला आकडे आहेत. भौतिकशास्त्रात बल आणि गती यांविषयीची समज तपासणारी एक चाचणी १९९२ पासून वापरात आहे. तिच्यात गणिते नाहीत, साध्या भाषेतले प्रश्न आहेत. रिचर्ड हेक यांनी १९९८ साली ६२ अभ्यासक्रमांतल्या ६,५४२ विद्यार्थ्यांचे अभ्यासक्रमाआधीचे आणि नंतरचे निकाल एकत्र केले. केवळ व्याख्यान देणाऱ्या वर्गांत, जेवढी सुधारणा शक्य होती तिच्या सरासरी २३ टक्के झाली; मुलांना प्रश्न सोडवत, एकमेकांशी बोलत विचार करायला लावणाऱ्या वर्गांत ४८ टक्के. पुढे २०१४ मध्ये विज्ञान, गणित व अभियांत्रिकीतले २२५ अभ्यास एकत्र करून पाहिले गेले, तेव्हा फक्त व्याख्यान ऐकणारी मुले नापास होण्याचे प्रमाण दीडपट आढळले. हे आकडे परदेशातले आहेत, आपल्या वर्गांची पटसंख्या वेगळी, बाके जमिनीला ठोकलेली, हे खरे. तरीही शिकवण्याच्या रीतीने फरक पडत नाही, असे या आकड्यांनंतर कोणालाही म्हणता येणार नाही. आणि जन्मजात शिक्षकांविषयी एवढेच म्हणतो की तेही पहिली चार-पाच वर्षे चुकतच शिकतात. प्रश्न इतकाच, की त्या चुका कोणाच्या जिवावर व्हाव्यात. त्या पहिल्या तुकड्यांतल्या मुलांची एफवायची वर्षे परत येत नाहीत.

मग ही तयारी कुठे व्हावी? अमेरिकेत १९९३ साली ‘प्रिपेअरिंग फ्युचर फॅकल्टी’ नावाचा उपक्रम तिथल्या पदव्युत्तर शिक्षणसंस्थांच्या परिषदेने आणि महाविद्यालयांच्या संघटनेने मिळून सुरू केला. त्यामागचे निरीक्षण आपल्याला लगेच पटेल. पीएच.डी. होते मोठ्या संशोधन विद्यापीठात, आणि नोकरी लागते लहान गावातल्या, अध्यापनावर उभ्या असलेल्या महाविद्यालयात. म्हणून त्यांनी एक विद्यापीठ आणि आसपासची निरनिराळ्या प्रकारची महाविद्यालये यांची जुळणी केली, आणि संशोधक विद्यार्थ्याला त्या महाविद्यालयात एका प्राध्यापकाच्या हाताखाली काही काळ घालवायला लावला. आपल्या पुणे विद्यापीठाचे क्षेत्र पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक असे तीन जिल्ह्यांचे आहे. गणेशखिंडीत तयार झालेला संशोधक उद्या सुरगाण्याला किंवा पेठला शिकवणार असेल, तर त्याच्या वर्गात कोकणा, वारली बोलणारी मुले असतील. सटाणा-मालेगावकडे गेला तर अहिराणी. त्याने स्वतः सगळे इंग्रजीतून वाचले आहे आणि समोरच्या मुलांना प्रमाण मराठीचेही अंतर आहे. पारिभाषिक शब्द मराठीत सांगायचा की इंग्रजीत ठेवायचा, फळ्यावर दोन्ही लिहायचे का, उदाहरण कुठले घ्यायचे, आदिवासी वसतिगृहातली मुलगी उत्तर माहीत असून का बोलत नाही, हे ग्रंथालयात बसून कळणार नाही. या महाविद्यालयांत हे वीस-पंचवीस वर्षे करत आलेले प्राध्यापक आहेत. त्यांच्याकडे असलेले ज्ञान कुठल्याही जर्नलमध्ये छापलेले नाही, आणि ते निवृत्त होतात तेव्हा ते त्यांच्याबरोबर जाते. संशोधकाने त्यांच्याकडे सहा महिने उमेदवारी करणे यात कमीपणा काही नाही.

नाशिकला असे काही नवे वाटण्याचे कारणही नाही. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून याच शहरात आहे. वैद्यकीय शिक्षणात एम.डी. करणाऱ्याने पदवीच्या विद्यार्थ्यांच्या अध्यापनात भाग घेणे हे त्याच्या प्रशिक्षणाचेच अंग मानले आहे. खाटेशेजारी उभा राहून तो एमबीबीएसच्या मुलांना रुग्ण तपासायला शिकवतो आणि त्याचे वरिष्ठ तिथेच असतात. वैद्यकीय शिक्षकांना अध्यापनतंत्राचा पायाभूत अभ्यासक्रमही करावा लागतो. दुसरीकडे गंगापूर धरणाच्या वाटेवर यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे. राम ताकवले यांच्या नेतृत्वाखाली १९८९ मध्ये ते सुरू झाले, तेव्हापासून शिक्षक समोर नसताना विद्यार्थ्याला कसे शिकवायचे हा प्रश्न तिथल्या पुस्तकलेखनाच्या मुळाशी राहिला. घटकाच्या सुरुवातीला उद्दिष्टे, मध्येच स्वयंअध्ययन प्रश्न, सोपी वाक्ये, ही शिस्त त्यातून आली. दोन विद्यापीठे एकाच शहरात अध्यापनाचा इतका विचार करतात, आणि शेजारच्या कला-वाणिज्य-विज्ञान महाविद्यालयांत येणाऱ्या नव्या प्राध्यापकापर्यंत त्यातले काही पोहोचत नाही.

नियमांची अडचण आहे का? फारशी नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२च्या पीएच.डी. नियमावलीत प्रत्येक संशोधकाला आपल्या विषयाच्या अध्यापनाचे व लेखनाचे प्रशिक्षण आवश्यक मानले आहे, आणि आठवड्याला चार ते सहा तास ट्युटोरियल, प्रयोगशाळा, मूल्यमापन यांचे काम देता येईल असे म्हटले आहे. दक्षिणा फेलोशिपीची कल्पना दीडशे वर्षांनी कागदावर परत आली आहे. कनिष्ठ संशोधकाची शिष्यवृत्ती २०२३ पासून दरमहा ३७ हजार रुपये आहे, म्हणजे मानधनाचा पायाही काहींच्या बाबतीत तयार आहे. ज्यांना कुठलीच फेलोशिप नाही, त्यांच्या या तासांचे पैसे मात्र वेगळे मोजून दिले पाहिजेत.

इथे सर्वांत गंभीर आक्षेप येतो आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. जागाच भरल्या जात नाहीत. तासिका तत्त्वावर, म्हणजे सीएचबीवर, पात्र माणसे वर्षानुवर्षे तासांच्या बिलावर जगत आहेत. एका महाविद्यालयातून दुसऱ्याकडे, दर जूनमध्ये नव्याने अर्ज. अशा वेळी संशोधक विद्यार्थ्यांकडून तास घेण्याची सोय केली, तर ती आणखी स्वस्त मजुरी होणार नाही का? होईल, जर कुंपण घातले नाही तर नक्कीच होईल. म्हणून उमेदवारीचे तास महाविद्यालयाच्या कार्यभारात धरले जाता कामा नयेत. त्या तासांचा मूळ प्राध्यापक वर्गात हजर असला पाहिजे, तास त्याच्याच नावावर राहिला पाहिजे. एकही पद किंवा सीएचबीचा एकही तास त्यापायी कमी होत असेल तर योजना थांबवावी. तयारी ही पदभरतीची जागा घेऊ शकत नाही. उलट सीएचबीची व्यवस्था हाच तयारीचा अभाव आहे. तिथे माणूस दहा वर्षे शिकवतो, पण तासापलीकडच्या कशाचेही पैसे नसल्यामुळे त्याच्या वर्गात कोणी बसत नाही, त्याच्याशी त्याच्या शिकवण्याविषयी कोणी बोलत नाही. अनुभवाची वर्षे साठतात आणि माणूस त्या वर्षांत एकटाच असतो.

संशोधनाचा वेळ जातो, ही मार्गदर्शकांची तक्रार. प्रबंध आधीच लांबतात, त्यात हे कशाला, असे ते विचारतात. या प्रश्नावर २०११ साली ‘सायन्स’ नियतकालिकात डेव्हिड फेल्डन आणि सहकाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. विज्ञान-अभियांत्रिकीचे जे पदव्युत्तर विद्यार्थी संशोधनाबरोबर शिकवतही होते, त्यांच्या संशोधन-प्रस्तावांत तपासता येण्याजोगी गृहीतके मांडणे आणि प्रयोगाची आखणी करणे या दोन कौशल्यांत, केवळ संशोधन करणाऱ्यांपेक्षा जास्त सुधारणा दिसली. एका अभ्यासावर इमारत उभी करू नये, आणि हा विज्ञान शाखेपुरता आहे. तरी त्यातली गोष्ट शिकवणाऱ्या कोणालाही ओळखीची वाटेल. हे असे का, असा प्रश्न रोज समोरून येऊ लागला की स्वतःच्या प्रबंधातली गृहीतेही डोळ्यांसमोर येतात.

राहिला शेवटचा आक्षेप, आणि मला स्वतःला तोच सगळ्यांत जास्त भेडसावतो. आपल्याकडे प्रत्येक चांगल्या कल्पनेचे प्रमाणपत्र होते. नेमणुकीनंतर प्रशिक्षण देण्यासाठी १९८७ पासून अकॅडेमिक स्टाफ कॉलेजे निघाली, पुढे त्यांचे नाव बदलले, २०२३ पासून मालवीय मिशन आले. त्यांत चांगली व्याख्याने झाली, चांगली माणसे भेटली. पण त्यांचा संबंध पदोन्नतीशी जोडला गेल्यामुळे अभ्यासक्रम पूर्ण होणे महत्त्वाचे ठरले आणि परत आल्यावर वर्गात काय बदलले हे कोणी पाहिले नाही. पीएच.डी.च्या कोर्सवर्कमध्ये अध्यापनाचे दोन क्रेडिट घातले आणि त्यावर एक लेखी परीक्षा घेतली, तर तेच होईल. म्हणून मी नवा पेपर मागत नाही, नवे केंद्र मागत नाही. एका सत्रात बारा तास, त्यांतले निदान सहा तास कोणीतरी पाहिलेले. प्रत्येक पाहिलेल्या तासानंतर अर्धा तास बोलणे. मुलांच्या वीस उत्तरपत्रिका दोघांनी स्वतंत्रपणे तपासून गुण का वेगळे पडले ते ताडून पाहणे. ही नोंद एका वहीत, आणि निवड समितीसमोर प्रकाशनांच्या यादीबरोबर ती वही.

एवढ्यासाठी लागणारी गोष्ट एकच आहे, अनुभवी प्राध्यापकाचा वेळ. आयोगाच्या नियमानुसार सहायक प्राध्यापकाला आठवड्याला सोळा आणि त्यावरच्यांना चौदा तास प्रत्यक्ष अध्यापन करावे लागते. दुसऱ्याच्या वर्गात मागच्या बाकावर बसलेला तास त्या सोळांत किंवा चौदांत आज कोणत्याही महाविद्यालयाच्या वेळापत्रकात मोजला जात नाही. आठवड्याला असे दोन तास कार्यभारात धरावेत, एवढाच ठराव विद्यापीठाने करायचा आहे.